बिटाच्या दांडीवरची दुसरी रेघ

आमच्या धंद्यात राउटरला कोणी राउटर म्हणत नाही. रंध्याला रंधा म्हणतात, करवतीला करवत, आणि नुसतं 'मशीन' म्हटलं की ते राउटर. दोन बाजूंना दोन मुठी, मध्ये मोटर, खाली सपाट बेस. बेसच्या भोकातून फिरतं बिट, म्हणजे दांडीचं कापतं पातं, लाकडात उतरवायचं आणि सरकवत न्यायचं. खाच पाडा, कडेला गोलाई द्या, फळीवर पान काढा. जसं बिट लावाल तसं. वजन पाच किलोच्या आसपास. जोरही लावायचा नाही आणि ढिलंही सोडायचं नाही. हे ज्याला जमलं त्याला मशीन जमलं. मला जमलं होतं. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण दुसऱ्याच्या तोंडचं आता मला खरं वाटत नाही.

मी चौथी नापास. नातवंडं म्हणाली, तुम्ही सांगा, आम्ही मोबाइलवर लिहून घेतो. मी म्हटलं, माझं मी लिहीन, वेळ लागला तर लागला. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण कागदावर मला शाळेतलीच मराठी येते, तीही मास्तरने शिकवली तेवढी.

मशीन आम्ही दोघांनी मिळून घेतलं. मी खांडबाऱ्याचा, माझा जोडीदार चिंचपाड्याकडचा. तो कोकणी आदिवासी, मी सुतार. तो माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. मशीन घ्यायच्या आधीही आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. पण त्याच्याही आधी माझा एक जोडीदार होता, आणि तो माझी हत्यारं माझ्याच घरून उचलून परस्पर कामं करून यायचा. म्हणून मशीन घेतलं त्या दिवशी मीच नेम घालून दिला: मशीन माझ्या घरी राहील, बिटांची पेटी याच्या घरी. बिटांशिवाय मशीन नुसतं घोंघावतं, आणि मशीनशिवाय बिटं म्हणजे लोखंडाचे तुकडे. काम निघालं की तो पेटी घेऊन गाडीने खांडबाऱ्याला उतरायचा. काम संपलं की पेटी परत त्याच्याबरोबर जायची. वीस वर्षं हे असंच चाललं, आणि लोकांत मी हे मोठ्या तोऱ्याने सांगायचो, की बघा, आम्हाला एकमेकांवर संशय घ्यायची पाळीच येत नाही.

कामाचीही वाटणी होती. मशीन मी चालवायचं. जुळवणी, घासकाम, पॉलिश त्याचं. फळ्यांवर माझं काम झालं की तो त्या टेम्पोत घालून आपल्या अंगणात न्यायचा, कारण माझ्याकडे जागा कमी आणि धूळ फार.

आणि साफसफाई माझी. त्यात मी कोणाला हात लावू देत नसे. पहिली गोष्ट, प्लग काढायचा. स्विच बंद केला म्हणजे झालं असं समजणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत. मग सायकलच्या पंपाने मोटरच्या जाळीतला भुसा उडवायचा. कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणाऱ्या कोळशाच्या दोन वड्या, काढून बघायचे, झिजून आखूड झाले असतील तर दोन्ही एकदम बदलायचे, एक नवा एक जुना चालत नाही. मशीन ज्यांवरून वर-खाली सरकतं त्या गाईडच्या सळया पुसून त्यांना मेणबत्ती घासायची. बिटं रॉकेलमध्ये, रॉकेल नाही मिळालं तर डिझेलमध्ये, तासभर बुडवून ठेवायची, सागाचा चिकटा फुगला की जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचा. एवढं करून कापडाने कोरडी. तेलाचा थेंब कोलेटला लागू द्यायचा नाही. कोलेट म्हणजे चिरा पाडलेली पोलादी नळी, बिटाची दांडी तिच्यात बसते आणि वरून नट आवळला की ती दांडीला धरते. तिथे तेल गेलं तर बिट चालू कामात खाली सरकतं आणि फळीचा सत्यानाश होतो. जोडीदार बाजूला बिडी ओढत बसायचा आणि म्हणायचा, "दादा, बिटास्ले आंघोळ व्हयनी का? आते काजळ लाव." मी म्हणायचो, तुझ्या तोंडापेक्षा स्वच्छ आहेत.

बिट बसवायची माझी एक रीत आहे. दांडी तळाला टेकेपर्यंत आत घालायची आणि मग काडीपेटीच्या काडीएवढी वर उचलून नट आवळायचा. तळाला टेकलेली ठेवली तर पकड नीट बसत नाही. त्यामुळे आमच्या प्रत्येक बिटाच्या दांडीवर कोलेटच्या तोंडाची एक बारीक रेघ आहे, सगळ्यांवर एकाच उंचीला.

तर लोणखेड्याचं काम. तिथे एका व्यापाऱ्याने बंगला बांधला, मूळचे राजस्थानचे लोक, शहाद्यात कापडाचं दुकान. मोठा दरवाजा सागाचा, दोन झडपा, झडपेला चार अशी आठ पॅनल. प्रत्येक पॅनलच्या कडेला गोलाई आणि मध्ये मोहाचं एक पान, देठ खाली, शिरा दोन्हीकडे. पानाचा फर्मा मी प्लायवूडचा कापला. फर्मा फळीवर बसवायचा, मशीनच्या तळाला रिंग लावायची, आणि रिंग फर्म्याच्या कडेला घासत घासत न्यायची. फर्मा असला तरी हात लागतोच. शिरा तर बिनफर्म्याच्या, नुसत्या हाताने.

सहा दिवसांत मी आठ पानं काढली. तो फळ्या घेऊन गेला. महिनाभराने दरवाजा बसला, आणि वास्तूच्या दिवशी त्या व्यापाऱ्याने आम्हा दोघांना टोपी-टॉवेल दिले, नारळ दिले. सगळ्या पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "सत्तरीचा मिस्त्री आहे, पण रेघ बघा, केसासारखी." माझी छाती भरून आली. जोडीदार शेजारी उभा होता. तो खाली बघत होता. मला वाटलं, लाजला.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या दरवाज्यावर जगलो म्हटलं तरी चालेल. खांडबाऱ्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर कोणी मिस्त्री भेटला, कॉम्प्युटरच्या मशीनने कापलेली तयार पॅनलं आणून बसवणारा, की मी त्याला लोणखेड्याला जाऊन ये म्हणायचो. एकाला तर मी तोंडावर म्हटलं की तुझ्या कामाला हात लागलेलाच नाही, तू नुसता बिजागऱ्या ठोकणारा. जोडीदार तेव्हाही होता. त्याला मी विचारलं, खरं की नाही? तो म्हणाला, "हा दादा."

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा, दोन महिन्यांनी डावा. मला वाटत होतं तेवढं काही माझं बिघडलेलं नव्हतं. थोडं धुरकट दिसायचं, दिवा जास्त लावावा लागायचा, एवढंच. पट्टी निघाली तेव्हा मात्र भिंतीवरची चुन्याची फटसुद्धा दिसायला लागली. बायकोच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी ते बोलून दाखवल्यामुळे दोन दिवस चहा थंड मिळाला.

डॉक्टरने धुळीत जायला परवानगी दिल्यावर पहिलं काम निघालं, खिडक्यांच्या चौकटी. जोडीदार सकाळच्या गाडीने पेटी घेऊन आला. तो बाहेर फळ्या रंधत होता, मी ओट्यावर पेटी उघडली. बऱ्याच दिवसांनी बिटं हातात घेत होतो, म्हणून एकेक उन्हात धरून बघितलं.

गोलाईच्या बिटावर दोन रेघा होत्या. एक माझी, जिथे असायची तिथे. पातं वर धरलं की दुसरी तिच्याखाली, पार दांडीच्या अर्ध्यावर. शिरा काढायच्या बिटावरही तसंच. रिंगबरोबर वापरायच्या सरळ बिटावर तर खालची रेघ दोनदा-तीनदा उमटलेली, जागा किंचित बदलून. म्हणजे ही बिटं दुसऱ्या कोलेटमध्ये बसली होती. दांडी अर्धीच आत घालून. आखूड कोलेटच्या, लहान मशीनमध्ये. आणि एकदा नव्हे.

मी बिटं एका रांगेत कापडावर मांडली. कितीतरी वर्षांपूर्वीचा तो पहिला जोडीदार डोळ्यांसमोर आला. हा परस्पर कामं करतोय, दुसरं काय. मी चौकटींचं काम बाजूला ठेवलं आणि त्याला हाक मारली. मनात बरंच होतं, पण विचारलं एवढंच, की ही बिटं कुठे फिरली?

त्याने रंधा उताणा ठेवला. हात पुसले. बिटांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं की डोळे उघडले म्हणजे काय काय उघडलं.

"दादा, मी एक मशीन लिधं," तो म्हणाला. "बारकं शे."

"कव्हय?"

"लोणखेडाना टायमाले."

मी म्हटलं, परस्पर काम करायचं होतं तर सांगायचं होतं, मी काय तुला बांधून ठेवलं होतं? तो म्हणाला, परस्पर एकही काम केलेलं नाही. मग मशीन कशाला? त्याने सरळ बिट उचललं आणि परत ठेवलं. मी पुन्हा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "तुन्हा हात कापत व्हता, दादा. आनि तुले दिसत नव्हतं."

आठ पॅनलांतली दोन बिघडली होती, असं त्याचं म्हणणं. एकात शीर पानाच्या बाहेर गेली होती, एकात कडेची गोलाई दातरलेली. मशीन उलट दिशेने नेलं की असं होतं. बिट लाकडाला धरून पुढे पळतं, हातातून ओढ घेतं. कडेने नेताना ते बिटाच्या फिरण्याला सामोरं न्यायचं असतं, हे मी कितीतरी जणांना शिकवलंय. मी उलटं नेलं? तो म्हणाला, नेलं. त्याने अंगणात फळ्या उन्हाला लावल्या तेव्हा दिसलं. त्याच ओंडक्याची फळी शिल्लक होती. नवापूरहून लहान मशीन आणलं, बिटं आमचीच लावली, नाहीतर बाकीच्या सहांशी गोलाई जुळली नसती, आणि दोन पॅनल नव्याने काढली. फर्मा त्याच्याकडेच गेलेला होता. त्यानंतर आणखी तीन कामांत त्याने माझ्या मागून हात फिरवला होता. कुठे किती, ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "मंग माले सांगं का नई?"

"सांगं असतं, तर तू मशीन खाले ठेवं असतं का?"

"नई."

"मंग?"

या 'मंग'वर मी त्याला घरी जायला सांगितलं. पेटी मी ठेवून घेतली. वीस वर्षांत पहिल्यांदा मशीन आणि बिटं एका घरात राहिली.

चोरी केली असती तर मी ती पचवली असती. चोराला शिव्या देता येतात, गावात सांगता येतं, चार माणसं आपल्या बाजूने बोलतात. याला काय म्हणायचं? याने माझं काही नेलं नाही, उलट आणून ठेवलं. टॉवेल-टोपी घेताना तो खाली बघत होता ते लाजून नव्हे. टपरीवर मी त्या बिजागऱ्यावाल्याचा पाणउतारा केला तेव्हा हा शेजारी बसून "हा दादा" म्हणाला, आणि त्याला माहीत होतं की मी ज्याच्या जोरावर बोलतोय त्यातला चौथा हिस्सा माझा नाही. त्याने मला तसंच बोलू दिलं. दोन वर्षं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिला राग येईल असं मला वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, तो आधी तिलाच विचारायला आला होता, की दादाले सांगू का? तिने सांगितलं, नको. मी म्हटलं, माझ्या घरात माझ्याच हाताचा निकाल तुम्ही दोघांनी लावला. ती म्हणाली, "हात काय फक्त तुन्हा शे? त्या हातले जेवाले मी वाढस." मी जेवलो नाही, एवढंच केलं.

तीन दिवस असेच गेले. मग मनाने घेतलं की लोणखेड्याला जायचं. ती दोन पॅनल शोधायची आणि त्या घरातल्या माणसांना दाखवायची. ही माझी नाहीत, असं माझ्या तोंडाने सांगायचं. टोपी-टॉवेलाचं ओझं तेवढं तरी उतरेल. आणि खरं सांगायचं तर दुसरंही मनात होतं. मला बघायचं होतं की त्याचं काम माझ्यापुढे कसं दिसतं. दोन पॅनल कच्ची निघाली असती तर मला बरं वाटलं असतं.

गाडीने नंदुरबार, तिथून शहाद्याची एसटी, पुढे रिक्षा. घरात व्यापाऱ्याची म्हातारी आई एकटी होती. तिने ओळखलं. मी म्हटलं, दरवाजा बघायला आलो. तिने बसायला खुर्ची दिली, मी दरवाज्यासमोर उभाच राहिलो. मग दोन्ही झडपा अर्ध्या लोटून घेतल्या म्हणजे ऊन तिरकं पडेल. तिरक्या उन्हात हात लपत नाही.

पहिल्यापासून आठव्यापर्यंत बघितलं. मग आठव्यापासून पहिल्यापर्यंत. मी शीर देठाकडून सुरू करतो आणि टोकाला बिट उचलताना किंचित थांबतो, तिथे टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा राहतो. आठही पानांत तो होता. कडेची गोलाई मी खालच्या डाव्या कोपऱ्यातून धरतो. आठही तिथूनच धरलेली. बोट फिरवून बघितलं, डोळे मिटून बघितलं. इतकी वर्षं तो माझ्या शेजारी बिडी ओढत बसला होता, तेव्हा नुसता बिडी ओढत नव्हता.

उजव्या झडपेच्या तिसऱ्या पॅनलमध्ये डावीकडची एक शीर मला जरा लहरलेली वाटली. मला आनंद झाला, की हे त्याचं. दुसऱ्याच क्षणाला मनात आलं, तो दोन फळ्या नव्याने काढायला बसला तर त्यात लहर ठेवील कशाला? मग हे माझं. माझं असेल आणि त्याने चालवून घेतलं असेल, तर टाकलेली दोन किती वाईट होती? मी तिथेच उकिडवा बसलो.

म्हातारी चहा घेऊन आली. काय शोधतोस, म्हणाली, किडा लागला का? मी सांगून टाकलं, की या आठांतली दोन माझी नाहीत, माझ्या जोडीदाराची आहेत, तुमच्या मुलाला सांगा. ती चष्म्यातून दरवाज्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "कोनती?"

मी चहा प्यायलो. तिने पुन्हा विचारलं.

"माले नई समजनं," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिला माझी कीव आली असावी, आणि ती मला फार झोंबली. ती म्हणाली, मग आठही तुझीच समज, मिस्त्री, आम्ही तसंच समजतो. मी तिला हात जोडले आणि निघालो. समजायचं असतं तर मी दोन गाड्या बदलून कशाला आलो असतो?

परत खांडबाऱ्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरी आलो तर जोडीदार ओट्यावर. बायकोने निरोप धाडला असणार. मी सरळ आत गेलो. मशीन बाहेर आणलं, आडवं ठेवलं, नट काढून कोलेट पुसायला घेतलं. चार दिवसांत तिसऱ्यांदा पुसत होतो, त्यात काढायला काही नव्हतं.

"देखी वना का?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली, बघून आलो म्हणून.

त्याने बिडी पेटवली. मग म्हणाला, खिडक्यांच्या चौकटी पडून आहेत, घरवाले विचारतात, दोघं मिळून करू, सरळ खाचा तू पाड, नक्षी मी बघतो. त्याच्या आवाजात मोठेपणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. मी पुसतच राहिलो. मग तो पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "दादा, कोनता दोन ते सांगू का?"

"नको."

"सांगी टाकस. तुन्हा जीवले लागेल शे."

मी त्याला सांगितलं की नको म्हटलं ना. तरी तो मान वर करून आठवायला लागला, डावी झडप, उजवी झडप असं बोटाने हवेत दाखवत. त्याने तोंड उघडलं. मी वायर उचलली, खांबावरच्या बोर्डात प्लग घातला, दोन्ही मुठी गच्च धरल्या आणि स्विच दाबला. बिट नव्हतं, नट नव्हता, नुसती मोटर किंचाळायला लागली. कोंबड्या पळाल्या. बायको दारात आली.

त्याचे ओठ हलत होते. त्याने सांगितलं, सगळं सांगितलं, बोट दोनदा दोन वेगळ्या ठिकाणी नेलं. मी मशीनकडे बघत होतो. माझे हात कापत होते की मशीन, ते मला सांगता येणार नाही. त्याचे ओठ थांबले तरी मी स्विच सोडला नाही.